एक्स्ट्रीम नळयोजना

अठ्ठावन्न पानं, नऊ परिशिष्टं, तीन नकाशे, स्पायरल बाइंडिंग आणि वर निळं प्लास्टिक. असा माझा आराखडा रुपाली आडेने माझ्या डोळ्यांदेखत उचलला, टेबलाच्या कोपऱ्यावर सरळ ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. टेबलावर दुसरी जागा नव्हती, हे मी मान्य करतो. पण पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून मी एकतीस वर्षं आराखडे केले. तोवर त्यांच्यावर फक्त वरिष्ठांनीच कप ठेवले होते.

"काका, मेहनत लय घेतली तुम्ही," ती म्हणाली. "पन आपन असं नाही करत."

विषय साधा होता. आर्णीतल्या आमच्या कॉलनीत शेहेचाळीस घरं, एक बोअर, एक टाकी आणि चार लाइनी. पाणी सोसायटीचं स्वतःचं, त्यामुळे कुठल्या सरकारी खात्याला शिव्या देण्याचीही सोय नाही. टाकी भरली की आमचा वॉलमन नागोराव एकेका लाइनीचा वॉल फिरवतो. पाणी एक दिवसाआड येतं. किती वाजता येतं, हे बोअर, वीज आणि नागोराव या तिघांच्या एकमतावर अवलंबून असतं. म्हणून प्रत्येक घरातला एक माणूस कायम नळाशी बांधलेला. कॉलनीतले लोक लग्नालासुद्धा पाळीपाळीने जातात. अक्षता टाकायला नवरा, जेवायला बायको.

वार्षिक सभेत यावर नेहमीचं भांडण झालं आणि मी उभा राहून बोललो की, नळ केव्हा येणार ते प्रत्येकाला मोबाइलवर कळलं पाहिजे. सभेत सूचना करणाऱ्याला त्याच विषयाच्या समितीचा अध्यक्ष करून टाकायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यामुळे सूचना फार येत नाहीत.

रुपाली तिसऱ्या लाइनीच्या शेवटच्या घरात राहते. सोबत तिची आई सुखीबाई. मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरी बसून करते, म्हणून दोघींनी तांड्यावरून इथे येऊन घर बांधलं. अ‍ॅप फुकट करून द्यायला ती तयार झाली. रोज सकाळी सात ते साडेआठ, टाकीखालच्या सोसायटीच्या खोलीत, आणि तिच्या पद्धतीने.

फुकट म्हटल्यावर आमचे सचिव गुल्हाने अडचणीत आले. "मुनेश्वर साहेब, नियमानं तीन कोटेशन लागतात. बाकी दोन कोन देनार?" दोन दिवस फाइल अडली. शेवटी मी आणि माझी बायको ममता, आम्ही दोघांनी स्वतंत्र कागदांवर लिहून दिलं की, हे काम आम्हाला अजिबात जमणार नाही. मग रुपालीची निवड नियमात बसली.

तर आराखड्यावर कप ठेवून रुपालीने मला समजावून सांगितलं. "काका, तुमच्या पद्धतीले वॉटरफॉल म्हनतात. धबधबा. वरतून एकदा सुटलं का खाली पडेपर्यंत थांबतच नाही. खाली पडल्यावर समजते का घागर दुसरीकडेच ठेवलती."

"आपल्या नळाले धार नाही," मी म्हणालो, "आन तू मले धबधबा सांगून राह्यली."

"म्हनूनच आपन एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग करू. जे चांगलं असते ना, ते टोकापर्यंत करायचं. दुसऱ्यानं काम तपासनं चांगलं, मंग दोघांनी एकाच कीबोर्डवर बसायचं. चाचनी घेनं चांगलं, मंग कामाच्या आधीच चाचनी. ग्राहकाले विचारनं चांगलं, मंग ग्राहकच बाजूले आनून बसवायचा."

"ग्राहक कोन?"

तिने भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट केलं. खुर्चीचा एक पाय किंचित आखूड होता. मी बसलो. ग्राहकाने काय पाहिजे तेवढंच सांगायचं, कसं करायचं ते सांगायचं नाही, असा नियम होता. माझी अख्खी नोकरी लोकांना कसं करायचं ते सांगण्यात गेली. काय पाहिजे, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

शेजारच्या चंदाबाईंनी हे खिडकीतून ऐकलं. एक्स्ट्रीम म्हणजे त्यांना चेहऱ्याला लावायचं कसलंतरी क्रीम वाटलं आणि मी एजन्सी घेतल्याची बातमी संध्याकाळपर्यंत कॉलनीत पसरली. दोन दिवस लोक माझ्या तोंडाकडे निरखून पाहत होते. उपयोग होतो आहे असं मात्र कुणी म्हणालं नाही.

पहिलं काम कार्डांचं. आराखडा नाही, प्रत्येकाने एकेका कार्डावर आपली गरज लिहायची. मी कोण, मला काय पाहिजे, कशासाठी पाहिजे. कार्डं चंदाबाईंनी दिली. त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या दोनशे पत्रिका घरात पडून होत्या, कारण छापणाऱ्याने त्यांत नवरीच्या जागी नवरीच्या बहिणीचं नाव घातलं होतं. मागची बाजू कोरी होती.

तीन दिवसांत ढीग जमला. गुल्हाने सचिवांनी लिहिलं होतं, "मी सचिव. नळाची वेळ आधी मला कळावी, नंतर सभासदांना. कशासाठी: शिस्त." चंदाबाईंनी लिहिलं, "पाणी यायच्या अर्धा तास आधी समजावं, कारण मी कुठेही असू शकते." एकाने लिहिलं, "मले घरून फोन येऊ नये." कशासाठी, ते त्याने सोडून दिलं होतं. आणि एका कार्डावर सही नव्हती. "शेजाऱ्याचा टिल्लू चालू असला की कळावं. कारण त्याला ते आधीच माहीत आहे."

टिल्लू म्हणजे पपईएवढी मोटार. ती नळाला जोडली की लाइनीतलं पाणी आपल्या घरात ओढून आणते. आमच्या सोसायटीत टिल्लूला बंदी आहे. बंदीच्या ठरावाचा मसुदा मीच केला होता, चांगला झाला होता. आणि आमच्या न्हाणीत, उलट्या ठेवलेल्या निळ्या टबाखाली, एक टिल्लू होता. हे मी इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याविषयी भलता आदर बाळगायला नको. ते बिनसहीचं कार्ड वाचून मी पुष्कळ वेळ अक्षर ओळखायचा प्रयत्न केला.

सुखीबाईंना लिहिता येत नाही. रुपाली म्हणाली, प्रोग्रामरने ग्राहकाचं कार्ड लिहायचं नसतं, आई असली तरी. म्हणून मी लिहायला गेलो.

"सांगा बाई, काय पाह्यजे?"

"पानी."

"म्हनजे पान्याची वेळ कळली पाह्यजे, असं?"

"येळ कायले, साहेब? पानी पाह्यजे."

मी तिला अ‍ॅपची कल्पना समजावली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि परत तेच सांगितलं. मी कार्डावर "पाणी" लिहिलं, कंसात "कार्यकक्षेबाहेर" असा शेरा मारला आणि ते ढिगाच्या तळाशी ठेवलं.

आता जोडीचा प्रश्न. रुपाली एकटीने कोड लिहीत नाही. एक टाइप करणार, दुसरा बाजूला बसून पाहणार, चुका काढणार आणि काहून म्हणून विचारणार. अर्ध्या तासाने कीबोर्ड दुसऱ्याकडे. मी हात वर केला. ग्राहकाला चालत नाही, असं उत्तर मिळालं. तेवढ्यात ममता डबा द्यायला आली. ती पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गावर होती. तिने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा कंस उघडला, बंद कुठं केला?"

रुपालीने तिला खुर्ची दिली. चांगली, चारही पाय सारखे असलेली.

अशा रीतीने, आम्हाला हे काम अजिबात जमणार नाही, असं लिहून दिलेल्या दोघांपैकी एकजण आठ दिवसांत एका बोटाने कोड लिहू लागला. तो मी नव्हतो. चुका काढणं आणि काहून म्हणून विचारणं ममता माझ्याबाबतीत तेहतीस वर्षं करत आली होती, पण त्याला कधी कुणी तंत्र म्हटलं नव्हतं.

चाचणीचा प्रकार तर मला कळायला वेळच लागला. काम करायच्या आधी त्या दोघी चाचणी लिहीत. काम झालेलंच नसल्यामुळे चाचणी नापास होई आणि पडद्यावर लाल पट्टी येई. लाल पट्टी आली की दोघी खूश. मग पास होण्यापुरतं, फक्त तेवढ्यापुरतंच, लिहायचं. पट्टी हिरवी झाली की लिहिलेलं पुसून पुन्हा नीटनेटकं करायचं. आमच्या खात्यात पट्टी आधी हिरवी करत आणि काम नंतर पाहत. दोन्ही पद्धतींचे आपापले फायदे आहेत.

ममताने भिंतीवर कार्डशीट लावला आणि आपल्या वळणदार अक्षरात या पद्धतीची पाच मूल्यं लिहिली. संवाद, साधेपणा, प्रतिसाद, धैर्य, आदर.

"आदर पाचवा काहून?" मी विचारलं.

"क्रमानं नाही ते, काका," रुपाली म्हणाली.

"पाचवा तर पाचवाच ना."

त्याच आठवड्यात 'अध्यक्षांचे मनोगत' हे पान मी सुचवलं. रुपाली म्हणाली, लागन तवा करू. जे आज लागत नाही ते आज करायचं नाही, असाही नियम निघाला. फोटो मी यवतमाळला जाऊन कोट घालून काढून आणला होता. तो अजून पाकिटात आहे.

पहिल्या रविवारी अ‍ॅप लोकांच्या मोबाइलवर गेलं. थोडं थोडं द्यायचं, पण दर आठवड्याला द्यायचं, हीसुद्धा त्यांची पद्धत. अ‍ॅपमध्ये एकच पान होतं आणि पानावर एकच ओळ होती. "नळ केव्हा येईल: माहीत नाही." मला लाज वाटली. पण कॉलनी हरखून गेली. सोसायटीने त्यांना पहिल्यांदाच काहीतरी खरं सांगितलं होतं. गुल्हानेंनी मात्र 'माहीत नाही' हे सोसायटीचं अधिकृत मत होऊ शकतं का, यावर पोटनियम तपासायला घेतले.

दुसऱ्या रविवारी नागोराव यात आला. वॉल फिरवला की त्याने मोबाइलवरचं बटण दाबायचं, असं ठरलं. मी ते आराखड्याच्या एकतिसाव्या पानावर चित्र काढून दाखवलं होतं. नागोरावने खिशातून मोबाइल काढला. तो साधा, आकड्यांचा होता, रबराने बांधलेला.

"याच्यात तुमचं ते नाही घुसत, साहेब."

माझं एकतिसावं पान तिथे संपलं. रुपालीला काहीच वाटलं नाही. तिने ममताकडे पाहिलं, ममता म्हणाली, "मिस कॉल देईन तो," आणि चाळीस मिनिटांत तसं झालं. नागोरावने एका नंबरला मिस कॉल द्यायचा, अ‍ॅप सगळ्यांना सांगणार, 'लाइन दोनचा वॉल उघडला.'

मंगळवारी सकाळी साडेअकराला लाइन दोनचा वॉल उघडला. लोक धावले. गुल्हाने सचिव तिसऱ्या लाइनीचे, पण देखरेखीसाठी दाढीचा साबण तोंडावर घेऊन सलूनमधून निघाले. चंदाबाईही तिसऱ्या लाइनीच्या, पण त्यांची बहीण दुसऱ्या लाइनीवर. बहीण मारेगावला गेली होती आणि किल्ली चंदाबाईंकडे होती. त्या पार्लरमधून उठल्या तेव्हा त्यांची एकच भुवई झाली होती. नळ कोरडे. नागोराव त्या वेळी सायकलवरून बाजारात चालला होता आणि त्याच्या खिशातला मोबाइल रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला आपणहून मिस कॉल देत होता.

"मी त काहीच नाही केलं," तो म्हणाला. "रस्त्यानं केलं."

चंदाबाई चार दिवस एका भुवईने माझ्याकडे रोखून पाहत होत्या. दोष रुपालीला नाही, ममताला नाही, रस्त्यालाही नाही. ग्राहकाला. मग मिस कॉल दोनदा, मध्ये दहापर्यंत अंक मोजून, असा बदल झाला. त्याची चाचणी ममताने रुपालीशेजारी बसून, पण तिला काही न विचारता लिहिली. साडेआठ वाजले होते म्हणून रुपालीने वाक्य अर्ध्यावर सोडून लॅपटॉप मिटला. थकून काम करायचं नाही, हा तिचा नियम घड्याळासारखा चाले.

यानंतर खरोखर बरं चाललं. तीन आठवडे अ‍ॅपने जे सांगितलं ते झालं. लोक बाजारात निवांत दिसू लागले. एका लग्नात नवरा-बायको एकाच पंगतीला जेवताना मी स्वतः पाहिले. मी समारोपाचा अहवाल लिहायला घेतला.

तेव्हा रुपालीने विचारलं, "काका, ग्राहक म्हनून सांगा. काम झालं, हे आपन कायच्यावरून म्हनायचं?"

"वॉल उघडला, निरोप गेला. झालं."

"आन पानी?"

"वॉल उघडला म्हनजे पानी आलंच ना."

"कोनाकडे?"

योजनेचं उद्घाटन झालं म्हणजे योजना पोचली, असं मी एकतीस वर्षं लिहीत आलो होतो आणि कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. रुपाली म्हणाली, "आमच्या घरी मोबाइल वाजते. लाइन तीनचा वॉल उघडला म्हनते. याडी नळाखाली बादली लावते. वीस मिनिटानं बादली उचलून घेते. कोरडी." याडी म्हणजे तिच्या बोलीत आई.

मग बादलीची चाचणी ठरली. तिसऱ्या लाइनीवर अकरा घरं. पुढच्या पाण्याला सगळ्यांनी एकाच वेळी पंधरा लिटरची बादली लावायची आणि ती भरायला किती मिनिटं लागली ते पत्रिकेच्या मागे लिहून द्यायचं. आमचं घर त्या लाइनीवर चौथं.

पाणी शनिवारी आलं. ममता न्हाणीत होती, मी घड्याळ घेऊन दारात. टबाखालून टिल्लूची घरघर येत होती. बादली चार मिनिटांत भरली. मी समोरच्या ओट्यावर जाऊन कार्डावर लिहिलं, "अकरा." चार लिहिणं शक्य नव्हतं, वीस लिहिणं अतिशयोक्ती झाली असती. अकरा हा मला विश्वासार्ह आकडा वाटला.

रविवारी सकाळी खोलीत तिसऱ्या लाइनीची सगळी मंडळी जमली. गुल्हाने होते, चंदाबाई होत्या, सुखीबाई दाराशी उभी होती. रुपाली कार्ड वाचू लागली आणि ममता एका बोटाने आकडे भरू लागली. पहिलं घर दहा मिनिटं. दुसरं अकरा. तिसरं अकरा. चौथं, म्हणजे आम्ही, अकरा. ममताचं बोट थोडं थांबलं, पण तिने भरलं. पाचवं, चंदाबाईंचं, बारा. सहावं अकरा. असं दहा घरांचं झालं. अकराव्या कार्डावर आईच्या वतीने रुपालीने नाही, तर नागोरावने लिहिलं होतं. "बादली वाळेल हाये."

ममताने पडदा वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"माह्या वर्गात," ती म्हणाली, "दहा पोरांचं उत्तर एकसारखं आलं का मी समजो. कोनालेच येत नसे ते, सारे पाहून लिहीत."

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"चौथ्या घरचा आकडा चुकीचा हाये," ती म्हणाली. "मी घरीच होती. अजी, खरं किती सांगा."

तो पहिलीतल्या मुलांशी बोलायचा आवाज होता. त्याला उत्तर द्यावंच लागतं. मी वर पाहिलं. समोर कार्डशीट होता. आदर पाचवा आहे याच्यावर मी एवढा वाद घातला, पण त्याच्या आधी धैर्य आहे ते मी नीट वाचलं नव्हतं.

"चार," मी म्हणालो.

"काहून चार?"

"टिल्लू."

टिल्लू हा शब्द मोठ्याने उच्चारायला फार हास्यास्पद आहे. मसुद्यात मी त्याला 'अनधिकृत विद्युतपंप' म्हटलं होतं. खोलीत कुणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग चंदाबाई खाली पाहत म्हणाल्या, "माह्याकडे पाच मिनिटात भरली." गुल्हाने म्हणाले, सचिव या नात्याने नाही, व्यक्तिशः सांगतो, साडेचार. त्यांच्या पाठोपाठ आणखी चार जण बोलले. दहापैकी सात घरांत टिल्लू होते. उरलेले तिघे एकमेकांकडे पाहत होते. ते बिनसहीचं कार्ड त्यांच्यापैकीच कुणाचं असणार, पण आता मला ते जाणून घ्यायचं नव्हतं.

रुपाली म्हणाली, "मले वाटे, बोअरलेच पानी कमी हाये. याडीले मी तीन वर्सं तेच सांगून राह्यली." तिने लॅपटॉप मिटला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळेआधी तिने तो मिटल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. सुखीबाई आधीच निघून गेली होती. शाळेजवळच्या हापशीवर तिची गुंडी भरायची राहिली होती. पाणी ती रोजच तिथून आणते. आम्ही सगळे तिला येता-जाता पाहत होतो. चालणं तब्येतीला चांगलं, असं मी तिला एकदा म्हणालोही होतो.

घरी आल्यावर मी ममताला म्हणालो, सगळ्यांसमोर नसतं विचारलं तर चाललं नसतं का.

"मीई त्याच टिल्लूच्या पान्यानं न्हाली," ती म्हणाली. "एकटीनं तुमाले इचारलं असतं त तुम्ही मलेच समजावून सांगतलं असतं."

हे खरं होतं. तिने न्हाणीतून टिल्लू सोडवून आणला आणि जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाशेजारी ठेवला.

मी तो पिशवीत घालून सोसायटीत जमा करायला नेला. गुल्हानेंसमोर आवक नोंदवही होती. "साहेब, याले कोनत्या शीर्षाखाली घ्यावं? जप्त म्हनावं त जप्तीचा आदेश नाही. देनगी म्हनावं त ठराव लागते." बराच खल झाला. शेवटी 'सापडलेल्या वस्तू' हे शीर्ष निघालं. त्यांनी लिहिलं, टिल्लू पंप, नग एक, मालक अज्ञात. मी म्हणालो, मालक ज्ञात आहे, नाव लिहा. त्यांनी लिहिलं. मग थोडा वेळ पेन धरून बसले आणि त्याखालच्या ओळीत स्वतःचं लिहिलं. बुधवारपर्यंत त्या पानावर सात ओळी झाल्या.

सोमवारी सात वाजता मी जाऊन आखूड पायाच्या खुर्चीवर बसलो. ममता आली. रुपाली आली नाही. मंगळवारीही नाही. ममता एकटीने कोडला हात लावत नव्हती, पद्धतीत बसत नाही म्हणाली. आम्ही दोघं साडेआठपर्यंत बसून राहिलो आणि उठलो. बुधवारी रुपाली आली. तिने नेहमीसारखा लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "ग्राहक, पुढचं कार्ड कोनतं?"

मी ढीग उलटा केला आणि तळाचं कार्ड वर ठेवलं. माझा शेरा खोडला.

दोघींनी ते वाचलं. "याच्यासाठी कोडमंदी काहीच करा लागत नाही," ममता म्हणाली.

"चाचनी लागन," रुपाली म्हणाली. "ग्राहकानं सोता घ्या लागते ती."

म्हणून पुढच्या रविवारी सकाळी मी घड्याळ आणि आमची पंधरा लिटरची बादली घेऊन तिसऱ्या लाइनीच्या शेवटच्या घरी गेलो. नळ अंगणात होता, जमिनीपासून वीतभर वर. सुखीबाईने मला पाट दिला, पण मी उभाच राहिलो. अपराधी माणसाने पाटावर बसू नये असं वाटलं. ममता आणि रुपाली ओट्यावर. चंदाबाई फाटकाबाहेर, आता दोन्ही भुवयांसह. सात चाळीसला मोबाइल वाजला. लाइन तीनचा वॉल उघडला.

काही झालं नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. नळातून हवा यायला लागली, कुणीतरी घसा साफ करावा तशी. मग तांबूस पाणी आलं, थुंकल्यासारखं. मग स्वच्छ. बादली नऊ मिनिटांत भरली. सुखीबाईने पटकन गुंडी लावली. गुंडी भरली. मग कळशी, मग दुसरी गुंडी, मग प्लास्टिकचा ड्रम, मग दोन पातेली आणि रुपालीने आतून आणलेला कुकर. घरातलं भांडं म्हणून जे होतं ते सगळं भरलं.

"बस झालं, साहेब," सुखीबाई म्हणाली. "बंद करा आता."

मी तोटी फिरवली. ती फिरली नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. तीन वर्षांत तो नळ बंद करायची वेळच आली नव्हती, तो कायम उघडाच ठेवलेला. गंजून तसाच बसला होता. फाटकातून चंदाबाई म्हणाल्या, खोबरेल तेल टाका. कुणी म्हणालं, हातोडीनं हळू ठोका. नागोराव सायकलवरून उतरून म्हणाला, वॉल बंद करतो, पन मंग साऱ्या लाइनीचं जाईन. मी नळाच्या तोंडात अंगठा दाबून वाकून उभा राहिलो. पाणी बाजूने उडून माझ्या चष्म्यावर, शर्टावर, पायजम्यावर. निवृत्त विस्तार अधिकारी, समितीचा अध्यक्ष, अंगणात वीतभर उंचीच्या नळाशी ओणवा. पाण्याचा अपव्यय टाळा, असा फलक मी स्वतः रंगवून घेतला होता.

सुखीबाई पायरीवर बसली होती. माझ्या अंगठ्याच्या बाजूने सुटलेली धार मातीतून तिच्या पायांपर्यंत आली. तिने पाय मागे घेतले नाहीत.

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "वाहू द्या थोडंसं."

मी अंगठा काढला.